ठाण्याच्या घोडबंदर रोडचा टर्फ, मुलांची संध्याकाळची बॅच: पावसाळ्यात डोळे झाकून घ्या, उन्हाळ्यात पैसे घालू नका

आधी मार्क देऊन टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाहीये ते इथूनच परत फिरतील. जून ते सप्टेंबर साडेचार स्टार. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य साडेतीन. मार्चपासून पाऊस येईपर्यंत दीड, आणि तो दीड पण फक्त कोच सरांमुळे. आता सरासरी काढायची तर काढा, पण तिचा काही उपयोग नाहीये कारण ही एकच जागा, तेच सर, तीच पोरं, आणि बाहेरची हवा बदलली की आख्खी गोष्टच बदलते. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे दर दोन सोसायट्यांमागे एक टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवताचं खेळायचं मैदान, झालाय आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची गत सारखीच आहे, त्यामुळे तुमच्या घराजवळ जो असेल त्याला हे लावून बघा.

आमच्या घरी दोन पोरं. मोठी मुलगी नऊची, धाकटा सहाचा. सोसायटीत पोडियमवर खेळायला बंदी, म्हणजे बंदी असा बोर्ड नाही, पण बॉल घेऊन कोणी खाली उतरलं की पाच मिनिटांत ग्रुपवर कुणाच्या तरी दुपारच्या झोपेचा फोटोसकट निषेध येतो. शाळेत पीटीचा तास आहे, पण पाऊस असला की तो वर्गात बसून होतो, ऊन असलं तरी वर्गातच, आणि परीक्षा जवळ आली की होतच नाही. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमछाक होईल असं हलायला हवं. रोज म्हणजे आठवड्याची सरासरी धरून, एखादा दिवस चुकला तर हरकत नाही. पण आमच्याकडे एखादा दिवस नाही, जुलैचा आठवडाच्या आठवडा चुकायचा. भाच्याच्या हातात स्टेप्स मोजणारा बॅण्ड आहे, त्यात पावसाळी रविवारचा आकडा शाळेच्या दिवसाच्या निम्माही नसतो, आणि शाळेच्या दिवशी तरी काय मोठं, जिने आणि रिक्षापर्यंतचं चालणं.

तर म्हणून हा टर्फ, २०२४ च्या पावसाळ्यात लावला. दोन कोर्ट आहेत. एक उघडं, चारी बाजूंनी आणि वरून जाळी. दुसऱ्यावर पत्र्याचं उंच छप्पर, बाजू मोकळ्या. आठवड्यातून चार दिवस, एक तास, फी महिन्याची किंवा तीन महिन्यांची किंवा वर्षाची. आठवड्याला चार तास म्हणजे हिशोबाने बरंच होतं असं वाटतं, पण थांबा, त्यावर पुढे बोलते.

पावसाळ्याबद्दल लिहायला मला मनापासून आनंद आहे. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर मिळून साधारण २३०० मिलिमीटर पडतो, आणि आमच्या बाजूला येऊरचे डोंगर आहेत त्यामुळे इकडे हात आखडता घ्यायचा प्रश्नच नाही. त्या चार महिन्यांत उघडं मैदान म्हणजे चिखल. आमच्याजवळचं एक मैदान जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जे बंद होतं ते थेट नवरात्राच्या तयारीलाच उघडतं. टर्फचं तसं नाही. खाली खडीचा थर असतो, वर ती प्लॅस्टिकची गवताची चटई, तिच्यात रेती आणि रबराचे काळे दाणे भरलेले, पाणी खाली निचरून जातं. मोठी सर येऊन गेली की थोड्या वेळात उघड्या कोर्टवरपण खेळता येतं, आणि येतच राहिली तर पत्र्याखाली जायचं.

पत्र्याखाली एक गंमत आहे ती आधी कोणी सांगत नाही. जोराचा पाऊस सुरू झाला की त्या पत्र्यावर एवढा आवाज होतो की सर काय ओरडतायत ते दोन फुटांवरच्या पोरालाही ऐकू येत नाही. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मग सरांनी शिट्टी आणि हाताच्या खुणा ठरवल्या, एक लांब शिट्टी म्हणजे जागेवर थांबा, दोन छोट्या म्हणजे बाजू बदला, हात डोक्यावर म्हणजे पाणी प्या. आता पोरांना ते इतकं आवडतं की पाऊस नसला तरी तसंच हवं असतं. माझा धाकटा घरीपण जेवताना मला दोन शिट्ट्या मारतो, त्याचा अर्थ भाजी बदल असा आहे म्हणे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे लोक पावसात बॅच रद्द करत नाहीत. चार वाजता ग्रुपवर मेसेज येतो, त्यात त्या दिवशीचा हवामान खात्याचा इशारा कुठल्या रंगाचा आहे तो लिहिलेला असतो. यलो असेल तर नेहमीसारखं. ऑरेंज असेल तर फक्त पत्र्याखाली, आणि ज्यांना लांबून यायचंय त्यांनी नका येऊ. रेड असेल तर बंद, त्यावर चर्चा नाही. मला हे फार आवडलं. नाहीतर बाकी क्लासवाल्यांचं असं असतं की आभाळ भरून आलं की "आज हॉलिडे", आणि रेड अलर्टला शाळा बंद असताना मात्र "ऑनलाइन झुंबा".

आता भिजण्याबद्दल. आमच्या सासूबाई संगमेश्वरकडच्या. त्यांचं बालपण पावसातच गेलेलं, शेताच्या बांधावरून शाळेत जायचं, येताना पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, उतरायचं. तरी नातवंडं भिजून आली की पहिला आवाज त्यांचाच, "अगं सर्दी होईल पोरांना, किती गं उशीर केलास." मी म्हटलं, "आई, तुम्ही तर चार महिने ओल्याच असायचात." तर म्हणाल्या, "आम्ही पळत असायचो, तुमची पोरं भिजून एसीच्या गाडीत बसतात." यावर मला काही बोलता आलं नाही कारण बाईंचं बरोबर आहे. सर्दी पावसाच्या पाण्याने होत नाही, विषाणूने होते, आणि तो विषाणू बंद खोलीत दाटीवाटीने बसलेल्या पोरांमध्ये जास्त फिरतो. पत्र्याखाली बाजू मोकळ्या आहेत, वारा वाहता आहे, म्हणजे मॉलमधल्या त्या प्लॅस्टिक बॉलच्या खड्ड्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त खेळ संपला की ओलं टीशर्ट तिथेच बदलायचं. बदलायला जागा? आहे, एक खोली, तिला कडी नाही. आई-बाबा दाराशी उभे राहून पहारा देतात.

पावसाळ्यातली खरी काळजी सर्दीची नाहीच, साचलेल्या पाण्याची आहे. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून ते जंतू पाण्यात येतात आणि पायाला जखम असली की तिथून आत शिरतात, दर पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात केसेस होतात. टर्फवर पाणी साचत नाही हा मोठा फायदा, पण गेटबाहेर जो रस्ता आहे तिथे घोट्यापर्यंत असतं आणि पोरं त्यातूनच उड्या मारत येतात. टर्फवर घसरून गुडघे सोलवटलेले असतात ते वेगळंच. त्यामुळे आम्ही पावसात गमबूट घालून नेतो, खेळायचे शूज पिशवीत, आणि गुडघ्यावर खरचटलेलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावूनच पाठवते. घरी आलं की साबणाने पाय. टर्फवाल्यांनी गेटपाशी एक नळ दिलाय, त्याबद्दल त्यांना अर्धा स्टार जास्त.

तक्रार एकच, डास. उघड्या कोर्टच्या मागे जुनी ताडपत्री पडलेली असते, तिच्या घड्यांत पाणी साचतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो आणि चावतो दिवसा, त्यातही सकाळी लवकर आणि सूर्य मावळायच्या आधी, म्हणजे बरोब्बर आमच्या बॅचच्या टायमाला. सांगितलं की ताडपत्री झटकतात, चार दिवसांनी परत तेच. ऑगस्टमध्ये शेवटी आम्ही दोन-तीन आयांनी मिळून ती उचलून त्यांच्या ऑफिसच्या दारात नेऊन ठेवली, तेव्हापासून ती दिसलेली नाही.

अजून एक गोष्ट जी मला आधी कधी डोक्यातच आली नव्हती. आमचे सर बदलापूरहून येतात. पावसाने आमच्या पोरांचा खेळ बुडायचा तर तो बहुतेक वेळा ठाण्यात पाऊस होता म्हणून नाही, तर तिकडे रुळांवर पाणी आलं आणि लोकल बंद पडली म्हणून. इकडे कोरडं ठणठणीत, पोरं शूज घालून तयार, आणि सर अंबरनाथला गाडीत अडकलेले. अशा दिवशी पहिल्यांदा सगळे परत गेले. नंतर एका मुलाचे बाबा, बँकेत आहेत, पोट बऱ्यापैकी सुटलेलं, ते म्हणाले कशाला परत जायचं, मी घेतो. आणि त्यांनी लंगडी घेतली. नुसती लंगडी, तासभर. टीम पाडल्या, नऊ मिनिटांचा डाव. पोरं जेवढी त्या दिवशी दमली तेवढी मी त्यांना क्रिकेटच्या दिवशी कधी दमलेली बघितली नाही. बाबा तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत म्हणे.

आणि यावरून तो मघाचा हिशोब. एक तास म्हणजे एक तास नसतो. क्रिकेटच्या दिवशी एक बॅटिंग करतो, एक बॉलिंग, बाकी सगळे जाळीला टेकून उभे. बॉक्स क्रिकेटमध्ये तर बॉल जाळीला लागून परत येतो, धावायला जागाच नाही. नीट बघत बसलात तर एका पोराच्या वाट्याला दमछाक म्हणावी अशी दहा-बारा मिनिटं येतात. फुटबॉलच्या दिवशी जास्त. सर खो-खो घेतात त्या दिवशी सगळ्यात जास्त, कारण बसलेल्यालाही कधी उठून पळावं लागेल त्याचा नेम नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही टीम जिंकल्या, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, त्यानंतर पोरांनी स्वतःहून खो-खो मागायला सुरुवात केली. टर्फवर खो-खोचे खांब नाहीत, सर दोन टोकांना शंकू ठेवतात. चालतं. ज्यांना फक्त क्रिकेट हवंय म्हणून टर्फ लावायचाय त्यांनी मुलाला बॅट घेऊन द्या पण हा व्यायाम झाला असं मानू नका.

ऑक्टोबरबद्दल थोडक्यात. पाऊस जायच्या वेळी दुपारनंतर जे गडगडाटी ढग येतात, त्यात टर्फ ही वाईट जागा आहे. चारी बाजूंनी उंच लोखंडी खांब, वर जाळी, आजूबाजूला मोकळं. जाळीखाली आहोत म्हणजे सुरक्षित आहोत असं पोरांना वाटतं, तसं काही नाहीये. पत्र्याखालीही नाही, बाजू उघड्या आहेत. गडगडायला लागलं की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर नाही, हा जगभरचा नियम आहे. माझ्या फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते आसपास वीज पडत असेल तर सांगतं. सरांना दाखवलं, त्यांनी तिथल्या तिथे डाउनलोड केलं. काउंटरवरचा मुलगा मात्र म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत इथे कधी पडली नाही." याला काय उत्तर देणार.

हिवाळा चांगला जाईल असं सगळ्यांना वाटतं, आणि जातोही, पण दोन खोडे आहेत. पहिला अंधाराचा. जूनच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सव्वासात वाजून गेल्यावर मावळतो, नोव्हेंबरच्या शेवटी सहालाच. सव्वा तासाहून जास्त फरक. एरवी पोरं खाली सायकल फिरवायची, ती दिवाळीनंतर आपोआप कमी होतात, थंडीने नाही, अंधाराने. ठाण्याच्या थंडीने कोण घरात बसणार, स्वेटर कपाटातून काढेपर्यंत संपते. टर्फवर फ्लडलाइट आहेत त्यामुळे हा प्रश्न सुटतो, म्हणजे हा पैसे वसूल करून देणारा दुसरा सीझन.

दुसरा खोडा हवेचा. पावसाळ्यात हवा धुतलेली असते. हिवाळ्यात वारा पडतो, संध्याकाळी जमिनीजवळची हवा थंड होऊन खालीच बसते, आणि आमच्याकडे रस्त्याचं काम, टॉवरचं काम, मेट्रोचं काम, डंपरची रांग, सगळी धूळ त्या थरातच. मुलं पळताना तोंडाने भराभरा श्वास घेतात, मग काय काय आत जातं विचारू नका. मी समीर ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा, बघते. १०० पर्यंत समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०० च्या वर वाईट. दोनशेच्या वर असला की धाकट्याला, त्याची छाती पूर्वी भरायची, त्याला मी नेत नाही, मोठीला नेते आणि सरांना सांगते की आज पळवू नका फार. सर ऐकतात. त्या दिवशी कॅच प्रॅक्टिस, निशाणेबाजी, असं काहीतरी हळू घेतात. टर्फच्या मालकाने रस्त्याच्या बाजूला हिरवं कापड बांधलंय, दिसायला छान, त्याने धूळ किती अडते देव जाणे.

आता उन्हाळा. इथे मी तापणार आहे.

लोकांना वाटतं ठाण्यात कुठे नागपूरसारखं ४५ होतं. नाही होत. पण ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला ते ४१ सारखं लागतं, कारण घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. आपल्याकडे समुद्र आणि खाडी दोन्ही, आर्द्रतेला तोटा नाही. त्यात लहान मुलांचं शरीर मोठ्यांसारखं नसतं. वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता लवकर आत येते, घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि मुख्य म्हणजे खेळाच्या नादात पाणी प्यायची आठवण राहत नाही. किनारपट्टीला तापमान ३७ च्या वर गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. २०२५ मध्ये तर फेब्रुवारी संपायच्या आतच मुंबई-ठाण्याला तसा इशारा आला होता. फेब्रुवारी! शाळेच्या गॅदरिंगचे कपडे अजून धुवून झाले नव्हते.

आणि अशा हवेत टर्फची चटई. प्लॅस्टिकचं गवत आणि काळं रबर. खरं गवत पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, हे काही सोडत नाही, नुसतं तापतं. कडक उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो हे मोजलेलं आहे. आमची बॅच पाचची, उघड्या कोर्टवर, पश्चिमेचं ऊन थेट. एप्रिलमध्ये मुलगी म्हणाली, "आई, शूजच्या आतून पाय भाजतात." मी हात लावून बघितला, तवा परवडला. त्यावर पोरं लोळतात, स्लाइड मारतात, आणि कोरड्या गरम टर्फवर घसरलं की कातडी सोलते ती पावसाळ्यातल्यापेक्षा वाईट.

मी काउंटरला गेले. म्हटलं, "दादा, उन्हाळ्यात तरी मुलांना पत्र्याखाली द्या ना."

"मॅडम, ते कोर्ट पाचला सिनियर बॅचला असतं. सहानंतर कॉर्पोरेट बुकिंग."

"मग सकाळी घ्या. साडेसहा ते साडेसात. मे महिन्यात शाळा नाही कुणाला."

"सकाळी सरांना जमत नाही, लांबून येतात."

हे खरं होतं, बदलापूरहून साडेसहाला पोचायचं म्हणजे माणसाने उठायचं कधी. पण दुसरे सर ठेवता आले असते. पैसे तर सगळ्यांनी तीन-तीन महिन्यांचे आगाऊ भरलेत. शेवटी त्यांनी काय केलं, तर बॅचच्या आधी पाइपने टर्फवर पाणी मारायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं. मग ते पाणी उडून जातं, चटई परत गरम, आणि हवेत ओलसर वाफ वाढलेली ती वेगळी. पाण्याची नासाडी ती अजून वेगळी, तेव्हा आमच्या सोसायटीत टँकर चालू होते.

बॅच सहाला न्या, हेही सांगून झालं. सहानंतर उघडं कोर्टसुद्धा तासाच्या भावाने जातं, आणि मुलांच्या बॅचपेक्षा ऑफिसवाल्यांच्या क्रिकेटमध्ये पैसा जास्त आहे. धंदा आहे, समजू शकते. पण मग जाहिरातीत "३६५ दिवस खेळ" असं लिहू नका.

उपस्थिती बघायची तर पावसाळ्यात बॅच भरलेली आणि एप्रिलमध्ये जेमतेम अर्धी. पोरं येईनाशी झाली ती आळसाने नाही. जी येत होती तीही सावलीच्या पट्ट्यात उभी. सावलीचा पट्टा म्हणजे फ्लडलाइटच्या खांबाची सावली, एका खांबामागे एकामागे एक चार पोरं. सरांनी मात्र त्यातूनही मार्ग काढला. दर दहा मिनिटांनी पाण्याची शिट्टी, तहान असो नसो दोन घोट. पळापळीऐवजी दोरीच्या उड्या आणि सागरगोटे, ते पण ऑफिसच्या व्हरांड्यात. एका मुलाला मळमळायला लागलं, डोकं दुखतंय म्हणाला, तर सरांनी क्षणात त्याला सावलीत आडवा केला, शूज-मोजे काढले, मानेला, काखेत ओला रुमाल, आणि आईला फोन. अशा वेळी "थोडं बस, बरं वाटेल" म्हणणारे कोच मी पाहिलेत. म्हणून दीड स्टार, सगळा सरांचा.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०२५ ला, मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मुंबईत मोसमी पाऊस एरवी ११ जूनच्या आसपास येतो, त्या वर्षी २६ मेलाच दाखल, आजवरच्या नोंदींतला सगळ्यात लवकर. बाकीच्यांचे समर कॅम्प धुऊन निघाले, मैदानावरचे तंबू गुंडाळून लोक घरी गेले. आणि आमच्या टर्फवर सुट्टीतली जी पोरं आईच्या फोनला चिकटली होती ती सगळी धावत परत आली. तेव्हा पत्र्याखालचं कोर्ट मिळायला लागलं, कारण पावसात कॉर्पोरेटवाले बुकिंग रद्द करतात. म्हणजे बघा, आमच्या पोरांना पावसाने घरात नाही बसवलं, उन्हाने बसवलं. पण सुट्टी देताना, क्लास रद्द करताना, खिडक्या लावून घेताना सगळे घाबरतात ते पावसाला. ऑगस्टमध्ये ठाण्यात वर्षा मॅरेथॉन असते, चिंब पावसात हजारो माणसं पळतात, त्यात शाळेची पोरंही असतात, कोणाला काही होत नाही. एप्रिलमध्ये दुपारी पाचला तेच करून दाखवा.

बाकी किरकोळ. पार्किंग नाही, रिक्षाने या. टॉयलेट स्वच्छ पण मुलींच्या टॉयलेटचा लाइट सहा महिने बंद. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे, उन्हाळ्यात गार पाणी संपतं, घरून बाटली न्या. कँटीनमध्ये वडापाव बरा, लिंबू सरबत नुसती साखर. कॉम्पेन्सेशन क्लास पावसाने बुडाला तर देतात, उन्हाने मूल आलं नाही तर देत नाहीत, "तुम्ही स्वतःहून आला नाहीत" म्हणतात. शूज रबरी बारीक स्टडचे घ्या, ते खोबणीचे जाड स्टडवाले फुटबॉलचे नकोत, चटईत अडकून पाय मुरगळतो. काळे दाणे शूजमधून घरभर होतात, बाल्कनीत झटका, बाथरूममध्ये झटकलेत तर जाळीत अडकतात. युरोपियन युनियनने तर मायक्रोप्लॅस्टिक म्हणून हे दाणे बंद करायचं ठरवलंय, २०३१ पर्यंत मुदत दिलीय. आपल्याकडे अजून ते माझ्या झाडूतच आहेत.

पैशाचं. वर्षाचं पॅकेज घेऊ नका. काउंटरला ते वर्षाचंच पुढे करतील, दोन महिने फुकट म्हणून. ते दोन महिने म्हणजे एप्रिल आणि मे आहेत हे लक्षात ठेवा. जूनमध्ये तीन महिन्यांचं घ्या, सप्टेंबरला महिन्याचं, मग डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी परत तीन महिन्यांचं. मार्चमध्ये बंद करा. उन्हाळ्यात आम्ही आता सकाळी सहाला उपवन तलावाला जातो, पोरं सायकलवर, मी चालत, आठच्या आत परत. फुकट आहे आणि झाडं आहेत. मोठी कुरकुरते उठायला, धाकटा शिट्टी मारून उठवतो.

टर्फवाल्यांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एकच मागणी. मार्च ते मे मुलांची बॅच सकाळी घ्या किंवा पत्र्याखाली घ्या, दोन्हीपैकी काहीही. मी त्याच दिवशी वर्षाचे पैसे भरते आणि स्टार वाढवते. आणि मुलींच्या टॉयलेटचा बल्ब मी स्वतः आणून देते, फक्त शिडी द्या.